हाडाचं घड्याळ

दुखापतीनंतर धावणाऱ्याचा दम लवकर परत येतो. हाड मात्र स्वतःच्या वेळेनंच भरतं. या दोन वेळांच्या मध्ये अडकलेल्या एका वर्षाची ही गोष्ट.

सप्टेंबरमधला तो रविवार. साताऱ्यात हिल हाफ मॅरेथॉनच्या दिवशी गावाला लवकर जाग येते. घरासमोरच्या रस्त्यावर ढोल-ताशे सुरू झाले होते. शाळेची मुलं टाळ्या वाजवायला कडेला उभी होती, त्यात माझ्या वर्गातलीही असणार. माझा डावा पाय घोट्यापासून गुडघ्याखालपर्यंत एका करड्या, जाडजूड बुटात बांधलेला होता. पहिले धावपटू आले तसा टाळ्यांचा आवाज वाढला. मी उठले, लंगडत खिडकीपाशी गेले आणि खिडकी लावून घेतली.

‘‘अगं, बघ तरी,’’ आई पलंगावरून म्हणाली.

‘‘नको.’’

आईचा खुबा तीन वर्षांपूर्वी मोडला. न्हाणीघरात पाय घसरला, एवढंच निमित्त. ऑपरेशन झालं, पण तेव्हापासून ती वॉकर घेऊन चालते. त्या सकाळी त्या खोलीत आम्ही दोघी होतो, एक ७४ वर्षांची, एक ४७ वर्षांची, आणि दोघींच्याही हाडांनी दगा दिला होता. मला खरी भीती शर्यत हुकल्याची नव्हती. आईच्या जागी मी किती वर्षांनी असेन, हा हिशोब मनात सुरू झाला होता.

मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. धावायला लागले चाळिशी ओलांडल्यावर. आधी अजिंक्यताऱ्यावर पहाटेचं चालणं, मग चार भिंतींपर्यंत हळूहळू धावणं, मग एका मैत्रिणीच्या आग्रहानं दहा किलोमीटर. शाळा, घर, आईचं पथ्यपाणी या सगळ्यातून तो एक तास माझा असायचा. पहिल्या वर्षी हातात घड्याळही नव्हतं. किती लांब गेले ते दूध डेअरीवरून आणि पाण्याच्या टाकीवरून कळायचं.

दुसऱ्या वर्षी मुलानं वाढदिवसाला धावण्याचं घड्याळ दिलं. किलोमीटरला किती मिनिटं, मिनिटाला किती ठोके, गेल्या आठवड्यापेक्षा किती जास्त, सगळं मनगटावर. ग्रुपवर सगळ्यांचे आकडे दिसायचे. चौथ्या वर्षापर्यंत माझी अशी गत झाली, की घड्याळाचं चार्जिंग संपलं असेल तर मी धावायलाच जायची नाही. जे मोजलं गेलं नाही ते धावणं कसलं, असं वाटायचं. आदल्या वर्षी घाटाची हाफ मॅरेथॉन दोन तास चोवीस मिनिटांत केली होती. त्या वर्षी सव्वादोन तासांच्या आत यायचंच, असं ठरवलं.

रस्ता उकरलेला आणि वाहतूक चालू

आता मागे वळून पाहिलं, की चुका अगदी स्पष्ट दिसतात. जुलैत माझं आठवड्याचं अंतर ३० किलोमीटर होतं. पाच आठवड्यांत ते ५५ वर नेलं. यवतेश्वरचा घाट चढून जायचं आणि उतारावर वेग काढायचा, असा सराव आठवड्यातून दोनदा. उतारावर पाऊल जमिनीवर जास्त जोरानं आदळतं, हे मी मुलांना शिकवते. त्यात श्रावण आला. रविवारी पहाटे नुसत्या चहावर १८ किलोमीटर आणि सोमवारी उपास. ज्या दिवशी शरीराला डागडुजीसाठी सामान हवं, नेमक्या त्याच दिवशी मी कोठाराला कुलूप लावत होते. यात उपासाचा दोष नव्हता. दोष माझ्या वेळापत्रकाचा होता.

हाड म्हणजे शरीरातला दगड, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात ते जिवंत असतं आणि सतत मोडून पुन्हा बांधलं जात असतं. धावताना प्रत्येक पावलाला जमिनीकडून शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट जोर परत येतो. माझ्या गतीनं धावलं तर एका हाफ मॅरेथॉनमध्ये एकेक पाऊल सुमारे बारा हजार वेळा जमिनीवर पडतं. या ताणानं हाडात अतिसूक्ष्म भेगा पडतात. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. याच भेगा दुरुस्तीचा इशारा देतात. मग ऑस्टिओक्लास्ट नावाच्या पेशी येतात आणि खराब झालेला भाग खोदून काढतात. त्यांच्यामागून ऑस्टिओब्लास्ट येतात आणि नवं हाड भरतात. भार वाढला तर हाड त्या भाराच्या दिशेनं मजबूत होत जातं. जर्मन शल्यविशारद ज्युलियस वुल्फ यांनी एकोणिसाव्या शतकातच हे मांडलं होतं.

अडचण वेळेची आहे. खोदकामाला साधारण तीन आठवडे लागतात आणि भरायला तीन-चार महिने. म्हणजे सराव एकदम वाढवला, की काही आठवडे हाड आधीपेक्षा कमजोर असतं. आपल्याकडे रस्ता उकरून ठेवतात, डांबर पडायला वेळ असतो आणि वरून एसटी, ट्रक, दुचाक्या चालूच राहतात, तसंच हे. वाहतूक थोडी कमी केली तर रस्ता आधीपेक्षा चांगला होतो. वाढवली तर खचतो. हाडाच्या या खचण्याला ‘स्ट्रेस फ्रॅक्चर’ म्हणतात.

हे दुखणं पहिल्यांदा नोंदवलं गेलं ते धावपटूंमध्ये नव्हे, तर सैनिकांमध्ये. १८५५ मध्ये ब्राइटहाउप्ट या प्रशियन लष्करी डॉक्टरनं लांबच्या कूचानंतर जवानांची पावलं सुजून दुखतात, असं लिहून ठेवलं. कारण तेव्हा कळलं नव्हतं. १८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लागला आणि दोनच वर्षांनी त्या पावलांच्या हाडांतले तडे चित्रात दिसले. आजही नव्यानं भरती झालेल्या जवानांमध्ये हे तडे बहुधा प्रशिक्षणाच्या पहिल्या काही आठवड्यांत आढळतात, म्हणजे नेमके रस्ता उकरलेला असतो तेव्हा.

दुखणं ओळखायचं कसं?

माझं दुखणं डाव्या नडगीच्या आतल्या बाजूला, घोट्याच्या वर वीतभर अंतरावर सुरू झालं. आधी धावून आल्यावर दुखायचं. मग धावताना शेवटी-शेवटी. मग पहिल्या पावलापासून. मग रात्री कूस बदलतानाही. पहिल्या डॉक्टरांनी एक्स-रे पाहिला, ‘हाड ठीक आहे’ म्हणाले आणि वेदनाशामक गोळ्या दिल्या. मला हेच ऐकायचं होतं, त्यामुळे मी आणखी काही विचारलं नाही. गोळी घेऊन दोन आठवडे धावले.

पुढे कळलं, की स्ट्रेस फ्रॅक्चर पहिल्या काही आठवड्यांत साध्या एक्स-रेवर बऱ्याचदा दिसतच नाही. हाडातली सूज आणि बारीक तडा एमआरआयमध्ये दिसतो. पण त्याआधी आपल्या हातात एक साधी खूण असते. नडगीच्या कडेनं चार-पाच बोटं लांबीचा पट्टा दुखत असेल आणि धावताना अंग गरम झाल्यावर दुखणं कमी होत असेल, तर ती बहुधा धावपटूंच्या ओळखीची ‘शिन स्प्लिंट्स’ असतात. पण अंगठ्यानं दाबल्यावर एकाच ठिकाणी, नाण्याएवढ्या जागेत कळ येत असेल, धावताना दुखणं वाढत जात असेल, एका पायावर उडी मारवत नसेल किंवा रात्री झोपेत ठणकत असेल, तर धावणं त्याच दिवशी थांबवायचं आणि डॉक्टरांना स्ट्रेस फ्रॅक्चरची शंका स्पष्टपणे विचारायची. जांघेत किंवा खुब्याजवळ असं दुखत असेल तर एक दिवसही थांबू नये. मांडीच्या हाडाच्या मानेला गेलेला तडा पूर्ण मोडला, तर ऑपरेशनशिवाय गत्यंतर नसतं.

माझ्याकडे नाण्याएवढी जागा होती, रात्रीचं ठणकणं होतं, सगळं होतं. ऑगस्टच्या शेवटी घाटातून उतरताना एका वळणावर पाय टेकवेचना. पावसात कठड्यावर बसून राहिले. शेवटी दुधाचे कॅन घेऊन निघालेल्या एका टेम्पोनं घरी सोडलं. एमआरआयमध्ये तडा दिसला. सहा आठवडे बूट, आणि धावणं बंद.

बंद खिडकीचे महिने

ज्यांनी कधी नेमानं धावलं नाही त्यांना हे हास्यास्पद वाटेल, पण त्या सहा आठवड्यांत मी घरातल्या सगळ्यांशी भांडले. ग्रुप म्यूट केला. पहाटे साडेचारला सवयीनं जाग यायची आणि मी छताकडे बघत पडून राहायची. त्यात येणारा-जाणारा सल्ला देऊन जायचा. ‘‘या वयात कशाला गं गुडघे झिजवतेस?’’ हे तर शेजारच्या काकूंचं पालुपद. दुखत नडगी होती, पण दोष गुडघ्याला.

गुडघ्यांबद्दल संशोधन काय सांगतं ते मी याच काळात वाचलं. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या विश्लेषणात खुब्याच्या आणि गुडघ्याच्या संधिवाताचं प्रमाण हौशी धावपटूंमध्ये सुमारे साडेतीन टक्के, न धावणाऱ्या बैठ्या लोकांमध्ये सुमारे दहा टक्के आणि स्पर्धात्मक पातळीवर धावणाऱ्यांमध्ये १३ टक्क्यांच्या आसपास आढळलं. यातून धावण्यामुळे संधिवात टळतो, असं सिद्ध होत नाही. ज्यांचे सांधे मुळातच चांगले तेच धावत राहतात, असंही असू शकतं. पण हौसेनं, बेतानं धावलं की गुडघे झिजतात, या समजुतीला मात्र त्यात आधार सापडत नाही.

दुसऱ्या अस्थिरोगतज्ज्ञांनी आईच्या खुब्याबद्दल ऐकलं आणि माझ्या हाडांची घनता मोजणारी डेक्सा चाचणी करायला सांगितली. टी-स्कोअर उणे १.८ आला. उणे २.५ किंवा त्याखाली गेला की ऑस्टिओपोरोसिस म्हणतात. मी अजून मधल्या पायरीवर होते. पाळी अनियमित झाली होती. या वयात इस्ट्रोजेन कमी होतं, तसं हाडाचं खोदकाम भरावापेक्षा वेगानं होऊ लागतं. ‘ड’ जीवनसत्त्वही कमी निघालं. जिथे वर्षातले आठ महिने ऊन असतं तिथे राहून हे कसं, असं मी विचारलं. डॉक्टर म्हणाले, ‘‘मॅडम, तुम्ही सूर्योदयाआधी धावता आणि दिवसभर वर्गात असता.’’

मग मी तो प्रश्न विचारला, ज्याच्या उत्तराची भीती वाटत होती. ‘‘धावणं सोडू का?’’

‘‘हाडाला भार लागतोच. तो काढून घेतला तर हाड आणखी विरळ होईल. पण आता हाडाला विचारून धावा.’’

खाण्याची फेरमांडणी झाली. खेळाडूंनी खर्चाच्या मानानं कमी खाल्लं, तर पाळी, हाडं, प्रतिकारशक्ती, मनःस्थिती सगळ्यावर परिणाम होतो, याकडे आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीनं २०१४ मध्ये खास लक्ष वेधलं होतं. ही उणीव पुरुषांतही होते. आमच्या ग्रुपमध्ये ‘रिकाम्या पोटी धावलं की चरबी जळते’ म्हणणारे पुरुषच जास्त होते. आयसीएमआरच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढांना दिवसाला १००० मिलिग्रॅम कॅल्शियम हवं, पाळी गेलेल्या स्त्रियांना १२००. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास असतं. घरात नाचणीची भाकरी, ताक, तिळाची चटणी, अंडी यांची नियमित हजेरी लागली. सोमवारचा उपास मी ठेवला. लांबचं धावणं शनिवारवर नेलं.

दम मात्र जात होता, आणि तो किती वेगानं जातो हे बघून धडकी भरली. जिना चढताना धाप लागायची. सराव थांबला, की पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच रक्तातला द्रवभाग कमी होतो आणि हृदय दर ठोक्याला कमी रक्त ढकलतं. एडवर्ड कॉइल आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेला एक जुना प्रयोग आहे. वर्षानुवर्षं सराव केलेल्या सात जणांना त्यांनी ८४ दिवस सराव बंद करायला लावला. ऑक्सिजन वापरण्याची त्यांची कमाल क्षमता तीन आठवड्यांत सात टक्क्यांनी घटली, आठ आठवड्यांत सोळा टक्क्यांनी, आणि मग तिथेच थांबली. स्नायूंमधल्या बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं मात्र जवळजवळ तसंच राहिलं. हे वाचून मी आईला म्हटलं, ‘‘सगळं धुऊन जात नाही बरं का.’’ आई म्हणाली, ‘‘मग मलाही काहीतरी सांग की करायला.’’

ते मला आधी सुचलंच नव्हतं. फिजिओथेरपीला मी जात होते ती मुलगी माझीच जुनी विद्यार्थिनी. तिनं आईसाठीही व्यायाम लिहून दिले. मग रोज संध्याकाळी आमची शाळा भरायची. मी ओट्याला धरून टाचा उचलायची, आधी दोन्ही पायांवर, मग एकावर. पोटरीचे स्नायू थकले, की नडगीवरचा ताण वाढतो, म्हणून ते आधी. आई वॉकर समोर ठेवून खुर्चीतून उठायची आणि बसायची. सुरुवातीला पाच वेळा. दिवाळीपर्यंत पंधरा.

श्वास पुढे, हाड मागे

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, पाऊण तास भरभर चालूनही पाय दुखत नाही हे पाहून, माझ्या विद्यार्थिनीनं मला शाहू स्टेडियमवर बोलावलं.

‘‘मॅडम, एक मिनिट धावायचं, दोन मिनिटं चालायचं. असं आठ वेळा. आणि घड्याळ माझ्याकडे द्या.’’

‘‘मग मिनिट कसं कळणार?’’

‘‘मी शिट्टी वाजवेन.’’

ज्या मुलीला मी शाळेत ओळीत उभं केलं होतं, तिच्या शिट्टीवर मी धावले. पहिल्या मिनिटात सगळं लक्ष नडगीकडे. दुखतंय का? हे दुखणं आहे की भीती? दुखापतीनंतर मेंदू त्या जागेवर पहारा बसवतो आणि साध्या स्पर्शालाही धोका म्हणतो. तिनं एक नियम दिला. दहापैकी दोनपर्यंत दुखलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारखं असलं, तर चालेल. दाबल्यावर जुन्या जागी कळ आली किंवा सकाळी लंगडावं लागलं, तर एक पायरी मागे.

धावणं दिवसाआड. यालाही कारण आहे. इंडियाना विद्यापीठात उंदरांवर झालेल्या प्रयोगांत दिसलं, की हाडातल्या पेशी भाराची दखल घेतात ती सुरुवातीच्या थोड्या धक्क्यांची; नंतर त्या जणू बहिऱ्या होतात. काही तास विश्रांती मिळाली, की पुन्हा ऐकू लागतात. त्यामुळे एकदम लांब धावण्यापेक्षा थोडं धावून पुरेशी विश्रांती दिल्यानं हाडाला जास्त फायदा होतो. एकेकाळी मला कंटाळवाणं वाटणारं ‘धाव-चाल’ हाडाच्या दृष्टीनं शहाणपणाचं होतं.

वेगासाठी तिनं दिलेली कसोटी सगळ्यांना जमण्यासारखी आहे. धावताना पूर्ण वाक्यं बोलता आली पाहिजेत. एकटी असल्यानं मी मनाचे श्लोक म्हणायचे. न अडखळता दोन श्लोक म्हणता आले, की वेग बरोबर. तिसऱ्या ओळीला धाप लागली, की हळू.

फेब्रुवारीपर्यंत सलग चार किलोमीटर जमू लागले, आणि तिथेच मी पुन्हा फसले. एका गार पहाटे श्वास इतका मोकळा चालत होता, की चार संपल्याचं कळलंच नाही. आठ किलोमीटर धावून आले. आंघोळीनंतर जुन्या जागी अंगठा ठेवला आणि कळ आली. त्या रात्री झोप लागली नाही. आई जागीच होती. ‘‘परत मोडलं का गं?’’ तिनं अंधारात विचारलं. मला उत्तर देता आलं नाही.

मोडलं नव्हतं. दोन आठवडे नुसतं चालल्यावर कळ गेली. पण त्या दोन आठवड्यांत मला दुखापतीतून परतण्यातला सगळ्यात मोठा सापळा समजला. हृदय आणि रक्त काही आठवड्यांत पूर्वपदावर येतात. स्नायूंना त्याहून जास्त वेळ लागतो. हाडाचं आणि स्नायुबंधांचं काम महिन्यांच्या मापानं चालतं. श्वास ‘चल’ म्हणतो, तेव्हा हाडाचं डांबर अजून ओलं असतं. आणि हाड बोलतं ते उशिरा, नुकसान झाल्यावर. माझ्या मनगटावरच्या घड्याळाला ठोके मोजता येत होते, वेग मोजता येत होता. नडगीच्या आत काय चाललंय ते त्याला कधीच दिसलं नसतं.

आनंद नावाचा रेणू

त्यानंतर मी घड्याळ ड्रॉवरमध्ये ठेवलं. कुठली शपथ वगैरे नव्हती. पोटातली भीती पक्की बसली होती, इतकंच. मार्च, एप्रिल, मे. हळू, श्लोक म्हणत, दिवसाआड. पाच किलोमीटर, मग सहा, दर तीन आठवड्यांनी एक आठवडा कमी.

मे महिन्यातल्या एका शनिवारी कास रस्त्याला धावत होते. कडेला करवंदाच्या जाळ्या होत्या, एक म्हातारा टोपली घेऊन करवंदं तोडत होता. मी थांबले, मूठभर घेतली, खात-खात पुन्हा धावू लागले. पुढच्या वळणावर लक्षात आलं, की गेला अर्धा तास मी नडगीचा विचार केला नव्हता आणि मला अतिशय छान वाटत होतं. पहिल्या वर्षी वाटायचं तसं. मधल्या तीन वर्षांत हे कुठे हरवलं होतं?

धावताना येणाऱ्या या तरतरीचं श्रेय बरीच वर्षं एन्डॉर्फिनला दिलं जायचं. पण रक्तातलं एन्डॉर्फिन मेंदूत सहजासहजी शिरत नाही. जर्मनीत झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात धावणाऱ्यांना एन्डॉर्फिनचा परिणाम रोखणारं औषध देऊन पाहिलं. तरीही त्यांना धावल्यावर आनंद वाटला. आता संशय दुसऱ्या एका रसायनावर आहे. १९९२ मध्ये जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात राफाएल मेशुलाम यांच्या प्रयोगशाळेत मेंदूतला एक रेणू वेगळा काढला गेला. त्याला नाव दिलं गेलं ‘आनंदामाइड’, संस्कृतातल्या ‘आनंद’ शब्दावरून. धावल्यावर रक्तातलं त्याचं प्रमाण वाढतं. हा रेणू मेंदूत सहज जातो.

यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट वेगळीच. अमेरिकेत डेव्हिड रायक्लेन आणि सहकाऱ्यांनी धावपटूंना ट्रेडमिलवर वेगवेगळ्या जोरानं धावायला-चालायला लावलं. आनंदामाइड लक्षणीय वाढलं ते मध्यम वेगाला. अगदी संथ चालण्यानं नाही आणि फार जोरात धावण्यानंही नाही. अभ्यास छोटा होता, त्यावरून नियम काढू नये. पण माझ्यापुरतं एक कोडं सुटलं. तीन वर्षं मी प्रत्येक धाव शर्यतीसारखी धावत होते. श्लोक म्हणता येईल असा वेग मी सोडूनच दिला होता. हाडाच्या भीतीनं मला त्या वेगाला परत आणलं.

पुन्हा घाट

सप्टेंबरमध्ये हिल हाफला नाव दिलं. विद्यार्थिनीची अट एकच होती, ‘‘उतार सांभाळून. पावलं छोटी.’’ पावलं छोटी आणि भरभर टाकली, की प्रत्येक पावलाचा धक्का कमी होतो. आदल्या रात्री नीट जेवले. पहाटे चहासोबत केळं आणि दोन पोळ्यांचा गुळ-तूप लाडू खाल्ला. निघताना आईनं विचारलं, ‘‘घड्याळ विसरलीस का?’’

‘‘ड्रॉवरमध्ये आहे.’’

घाटात धुकं होतं, मग पाऊस, मग दोन्ही. चढावर चालत-धावत गेले. परतीच्या उतारावर गेल्या वर्षी मी जिथे कठड्यावर बसले होते तिथे पोचले, तेव्हा छातीत धडधडलं. तिथून पुढचा तीव्र उतार चालतच उतरले. कितीतरी जण धडाधड पुढे गेले. एक तरुण मुलगा ओरडला, ‘‘चला काकू, उतार आहे!’’ मी हात हलवला.

घराजवळच्या रस्त्यावर आले तेव्हा ढोल वाजत होते. खिडकी उघडी होती. आई खिडकीत उभी होती, एक हात गजांवर, दुसरा वर. वॉकर मागे कुठेतरी होता.

आयोजकांच्या चिपनं वेळ सांगितली ती दोन तास एक्कावन्न मिनिटं, पूर्वीपेक्षा सत्तावीस मिनिटं जास्त. ग्रुपवर कुणी विचारलं तर मी तेवढंच सांगते.

माझा टी-स्कोअर मधल्या पायरीवर आहे आणि तो फार सुधारेल असं कुणी सांगितलेलं नाही. पुढच्या वर्षी चाचणी आहे. त्या सोमवारी शाळेत जायच्या आधी पलंगावर बसून, सवयीनं, डाव्या नडगीवर अंगठा ठेवला. भरून आलेल्या जागी हाताला किंचित उंचवटा लागतो. मी जोरात दाबलं.

‘‘दुखतंय का गं?’’ आईनं विचारलं. ती खुर्चीतून उठत होती, आठव्यांदा.

‘‘नाही. तू मोजत राहा.’’